बंद पडलेला जनरेटर घरी खोलताना

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत चुलतभावाने खाण्याचा स्टॉल लावला, तेव्हा आमचा जनरेटर महिनाभर त्याच्याकडे होता. जत्रा संपली आणि जनरेटर परत आला. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून आम्ही तो जिन्याखाली सरकवला आणि विसरलो. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, लाईट गेली, आणि नेमका तो नळाला पाणी यायचा दिवस. पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. हौद भरत होता, वरची टाकी कोरडी, मोटार बंद. दोरी ओढून ओढून दोघांचे खांदे गेले. जनरेटर हूं की चूं करेना.

मग मी नवशिका करतो तेच केलं. दिसेल तो नट खोलला. सायलेन्सर काढला, टॅपेटचं झाकण काढलं, हेडला हात घालणार एवढ्यात शेजाऱ्यांनी अण्णांना बोलावलं. अण्णा पूर्व भागात यंत्रमागाच्या मोटारी, पंप, जनरेटर दुरुस्त करतात. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "इंजिनला काय झालं नाही की. पेट्रोल मेलंय."

तेव्हापासून हा जनरेटर मी सात-आठ वेळा खोललाय, ओळखीपाळखीचे आणखी चार-पाच. त्यातला एकच खरोखर इंजिनाच्या आतून बिघडलेला निघाला. म्हणून इथे खोलण्याची कृती आहे त्यापेक्षा जास्त न खोलण्याची आहे. पुढचं सगळं दीड ते तीन केव्हीएच्या, एक सिलिंडरच्या, दोरीने चालू होणाऱ्या पेट्रोल जनरेटरबद्दल आहे. सुटकेससारखे बंद पेटीतले इन्व्हर्टर जनरेटर असतील तर इंजिनाचा भाग लागू पडेल, पण त्यांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या वाटेला जाऊ नका.

हात लावण्याआधी

काम अंगणात किंवा गच्चीवर करा, आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सुरू करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात उघड्या वाटीतल्या पेट्रोलची वाफ किती वेगाने पसरते हे एकदा नाकाने अनुभवलं की पुरे. जवळ गॅसची शेगडी नको, देवघरातली समई नको, आणि "काय चाललंय" म्हणत विडी ओढत येणारा शेजारी तर अजिबात नको.

जनरेटर चालवून बघायची वेळ आली की तो उघड्यावरच न्या. जिन्याखाली, बोळात, पोर्चमध्ये, अर्धं शटर ओढलेल्या दुकानात चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस खरंच झोपतो. खिडकी उघडी आहे म्हणून चालेल, असं नसतं.

तिसरी गोष्ट वायरची. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरचा करंट घरातल्या सॉकेटमध्ये सोडणारे महाभाग प्रत्येक पेठेत सापडतात. मेन स्विच पाडायचा राहिला तर तो करंट उलटा खांबावर जातो, आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटा गेला की त्याचे हजारो व्होल्ट होतात. खांबावर लाईट दुरुस्त करणारा वायरमन चढलेला असतो. वर मेन सप्लाय अचानक परत आला तर जनरेटरही जळतो. घराला जोडायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी मेन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा स्विच, बसवून घ्या. नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डाने थेट वस्तू जोडा.

हत्यारं फार लागत नाहीत. आठ, दहा आणि बाराचा पाना, स्पार्क प्लगचा एकवीसचा बॉक्स पाना, चपट्या तोंडाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, साधा मल्टीमीटर, कार्बोरेटर (पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग) साफ करायच्या क्लीनरचा स्प्रे, काचेची रुंद तोंडाची बाटली. आणि खाली अंथरायला जुनं पांढरं धोतर. चादर नको. सोलापुरी चादरीच्या नक्षीत पितळी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा स्क्रू, पडला की तो नक्षीचाच भाग होतो. मी एकदा अर्धा तास शोधलाय. टॉवेल त्याहून वाईट, त्याच्या फाशांत बारीक पिन अडकून बसते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची, बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे त्याचा.

आधी दोरी, मग प्लग

स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. हाताला मध्येच अडथळा लागला पाहिजे, कुणी आतून उशी दाबून धरल्यासारखा. ते कॉम्प्रेशन. अडथळाच नाही, दोरी लोण्यातून सुरी गेल्यासारखी येते, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. तिथे थांबा आणि मेकॅनिक गाठा. दोरी अजिबात हलतच नसेल तर प्लग काढून पुन्हा ओढा. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा ऑइल भरलं असेल तर ते प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर येईल, म्हणून तोंड बाजूला ठेवा.

मग ऑइल बघा. जनरेटर सपाट जागेवर ठेवून गेजची काडी काढा. ऑइल कमी असेल तर बहुतेक मशिनांत आतला सेन्सर ठिणगीच तोडतो. गंमत म्हणजे ऑइल पुरेसं असूनही मशीन उतारावर असेल तर हेच होतं. गेटसमोरच्या उतारावर ठेवलेल्या जनरेटरचा कार्बोरेटर मी तीन वेळा साफ केला होता. चौथ्यांदा बायको म्हणाली, "तो वाकडा का उभाय?" सपाट फरशीवर आणला, दुसऱ्या ओढीला चालू.

ऑइल जास्त दिसलं तर खूश होऊ नका. काडी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून खाली ऑइलमध्ये उतरलंय. अशा पातळ ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग खातं. सगळं ओतून नवीन भरा. १६० सीसीच्या आसपासच्या इंजिनात साधारण ०.६ लिटर बसतं.

आता खरी कसोटी. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, उघडा, चोक, म्हणजे हवा कमी करणारा खटका, ओढा, स्विच चालू करा, आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढा. प्लगचं टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. एवढ्या एका बघण्यावर पुढचा दिवस कुठे घालवायचा ते ठरतं. टोकावर भुरकट तपकिरी रंग हे तब्येतीचं लक्षण. मऊ काळी काजळी म्हणजे हवा कमी पडतेय किंवा चोक ओढलेलाच राहतो.

प्लग कोरडा असेल तर

बाटली घ्या. कार्बोरेटरच्या खाली जी छोटी वाटी असते, तिच्या तळाशी ड्रेनचा बोल्ट असतो. कॉक उघडा ठेवून तो सैल करा आणि पेट्रोल बाटलीत घ्या. धार सलग आली पाहिजे. थेंब-थेंब आली तर कॉकची किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. सुरुवातीला नीट आली आणि मग आटली, तर टाकीचं झाकण काढून बघा. झाकण काढताच धार सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. सुईने मोकळं केलं की काम झालं. पाच मिनिटांत, फुकटात.

बाटली उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. सध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे इथेनॉलचं आपल्याला कौतुक. पण ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल जास्त झाली की पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. रोजच्या मोटारसायकलला त्याचं काही वाटत नाही. चार महिने उभ्या मशिनाला वाटतं. असं पेट्रोल गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका, टाकी पूर्ण रिकामी करा. ते गटारातही ओतू नका. झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

ताजं पेट्रोल घालूनही चालू होत नसेल तर कार्बोरेटर खोलायचा. चोक ओढलेला असताना चालतो आणि चोक ढकलला की मरतो, किंवा दमेकऱ्यासारखा आवाज वर-खाली होतो, तरीही दुखणं इथलंच.

कॉक बंद. एअर फिल्टरची पेटी काढा. मागे दोन लांब स्टडवर कार्बोरेटर बसलेला असतो, त्याचे नट दहाच्या पान्याने निघतात. कार्बोरेटर बाहेर ओढताना त्याच्या नि इंजिनच्या मध्ये पॅकिंग, मग काळा जाड ठोकळा, मग पुन्हा पॅकिंग असा क्रम दिसेल. तो उलटसुलट झाला तर हवा चोरली जाते आणि इंजिन कधीच एका लयीत चालत नाही. गव्हर्नरची सळई आणि स्प्रिंग ओढून तोडायची नाही, कार्बोरेटर थोडा तिरका करून अलगद सोडवायची.

खालच्या वाटीचा मधला बोल्ट काढा. वाटीत काय असेल ते सांगतो, कारण पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं कुणी गूळ ओतलाय. तपकिरी, चिकट, वार्निशच्या वासाचा थर. पेट्रोल उडून गेलं आणि त्याचा गाळ राहिला. वर फ्लोट लटकत असतो. त्याची बारीक पिन बोटाने सरकवा, फ्लोट आणि त्याला अडकलेली टोकदार सुई बाहेर येईल. सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी खाच असेल तर सुई बदला. ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं ते याच खाचेमुळे.

मध्यभागी खांबासारखा भाग दिसेल. त्याच्या आत तळाशी पितळी मेन जेट असतो. स्क्रू ड्रायव्हरचं तोंड खाचेत बरोब्बर बसेल असं निवडा. पितळ मऊ असतं, खाच एकदा गोल झाली की जेट निघत नाही. जेट निघाल्यावर कार्बोरेटर सरळ करून हलकेच टिचकी मारा, आडवी बारीक भोकं असलेली एक नळी घसरून हातात येईल. आता जेट आभाळाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघा. मधलं भोक पाऊण मिलीमीटरहूनही बारीक असतं. स्वच्छ असेल तर चांदणीसारखा गोल ठिपका दिसतो. बुजलेला असेल तर काहीच दिसत नाही, अर्धवट बुजलेला असेल तर चंद्रकोर. ही चंद्रकोरच फसवते. माणूस म्हणतो, उजेड दिसतोय की! पण तेवढ्या पेट्रोलवर लोड ओढला जात नाही.

जेट क्लीनरमध्ये भिजवा आणि विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस घेऊन आरपार फिरवा. सुई, टाचणी, पोलादी तार वापरू नका. भोक कणभर जरी मोठं झालं तरी कायमचं पेट्रोल जास्त जाणार. अण्णांचे शब्द, "जेटला तार घालायची तर कान कोरल्यागत. खड्डा खणल्यागत नको." वरच्या बाजूला छोटा पायलट जेट असतो, त्याचंही हेच. मग सगळ्या भोकांतून स्प्रे मारा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. शेवटी हवा मारा. घरी कॉम्प्रेसर नसतो, मी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेतो. फ्लोट आणि सुई मात्र आधी काढलेली हवी.

जोडताना वाटीचं रबरी रिंग फुगलेलं असेल तर तासभर सावलीत सुकू द्या, बहुतेकदा परत बसतं. नाहीच बसलं तर नवीन. वाटीचा बोल्ट जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर कार्बोरेटरच बदलावा लागतो.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळा. घराजवळ यंत्रमाग असतील तर हे महिन्याला करा. मागाची फूस स्पंजवर तर बसतेच, पण सिलिंडरच्या पात्यांमध्येही गच्च भरते आणि इंजिन तापून मरतं. पूर्व भागातल्या एका जनरेटरचं पत्र्याचं आवरण काढलं तर आत उशी भरावी इतका कापूस निघाला.

प्लग ओला असेल तर

प्लग पुसून वाळवा, कॉक बंद करा, प्लगच्या भोकावर फडकं धरून दोरी चार-पाच वेळा ओढा म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. ते फडकं दूर टाका. मग प्लग टोपीत घालून, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून, रबरी मुठीच्या पकडीने धरा. भोकापासून लांब, नाहीतर आतल्या वाफेचा भडका उडतो. दोरी ओढल्यावर निळसर टकटकीत ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग घालून बघा. फट ०.७ ते ०.८ मिलीमीटर ठेवायची.

नव्या प्लगलाही ठिणगी नाही तर स्विचकडे जाणारी वायर कॉइलपासून, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या भागापासून, सोडवून बघा. ती वायर इंजिनच्या धातूला टेकली की इंजिन बंद होतं, जनरेटरचा स्विच एवढंच काम करतो. गंजलेला स्विच कायम टेकलेलाच राहतो. तसंच ऑइल सेन्सरची वायर, बहुतेक मशिनांत पिवळी, तपासण्यापुरती सोडवा. दोन्ही सोडवूनही ठिणगी नाही तर कॉइल गेली. ती बदलणं सोपं आहे, दोन बोल्ट. फक्त कॉइल आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, चुंबकात थोडी फट लागते, पुष्कळ इंजिनांत ०.४ मिलीमीटर.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आणि दोरी ओढताना झटका मारून हात उलटा खेचते? फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला जागेवर धरणारा धातूचा तुकडा, तुटून ठिणगीचं टायमिंग सरकलंय. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. हातोडीने काढायला जाऊ नका.

दोरी तुटणं हा बारमाही आजार. वरचं झाकण तीन-चार बोल्टांचं असतं. जुन्या दोरीइतक्याच जाडीची नायलॉन दोरी आणा. दोरीचं चाक हाताने फिरवून स्प्रिंग पूर्ण आवळा, एक फेरा मागे घ्या, चाकाचं भोक झाकणाच्या भोकासमोर आणून पकडीने अडकवा, दोरी ओवून गाठ मारा आणि हळूहळू सोडा. चाक मात्र काढू नका. त्याच्याखाली गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते.

इंजिन चालतं, करंट नाही

सर्वात आधी पॅनलवरचा ब्रेकर बघा. मग दुसऱ्या बोर्डावर दुसरी वस्तू लावून बघा. हसू नका, एकदा बोर्डाचाच फ्यूज गेला होता. टेस्टरवर विसंबू नका, या जनरेटरांचा न्यूट्रल पुष्कळदा जमिनीला जोडलेला नसतो, त्यामुळे टेस्टर काहीही सांगतो. मल्टीमीटर एसीवर ठेवून सॉकेटच्या दोन भोकांमध्ये मोजा. २३० च्या आसपास हवं.

दोन-पाच व्होल्टच दाखवत असेल तर जनरेटरचं चुंबकत्व गेलंय किंवा ब्रश घासलेत. इंजिन बंद करून मागचं झाकण काढा. इथे दोन जाती निघतात. डब्यासारखा गोल कंडेन्सर दिसला तर आधी तो बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरींनी रिकामा करा, मग काढून त्याच्यावर छापलेल्या आकड्याशी मल्टीमीटरचा आकडा ताडून बघा. खूप कमी असेल तर त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा नवा बसवा. कंडेन्सरऐवजी राळेत भरलेली चपटी वडी, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर दिसला, तर शेजारी दोन कार्बन ब्रश असतील. निम्म्याहून जास्त झिजले असतील तर बदला. ज्या तांब्याच्या कड्यांवर ते घासतात त्या काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने उजळवा.

तरीही करंट नाही तर एव्हीआरचा प्लग काढून, इंजिन बंद असतानाच, बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्लस ब्रशच्या प्लसला आणि मायनस मायनसला पाच-दहा सेकंद लावा. चुंबकत्व परत येतं. बॅटरी बाजूला करा, प्लग बसवा, चालू करून मोजा. एवढ्यानेही आलं नाही तर एव्हीआर किंवा वाइंडिंग. जळक्या लाखेचा वास येत असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

व्होल्टेज कमी आहे म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळून इंजिन पळवणं ही सगळ्यात महागडी दुरुस्ती. दोन पोलचा हा जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ देतो. मल्टीमीटरवर हर्ट्झ बघा. लोड नसताना ५१-५२ आणि लोडवर ५० च्या आसपास असेल तर स्क्रूला हात लावू नका.

शेवटी लोड

आधी पाच मिनिटं रिकामा चालवा, मग एक बल्ब, मग पंखा. मोटार सगळ्यात शेवटी. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे कागदावर. सुरू होताना मोटार त्याच्या कित्येक पट ओढते, म्हणून दोन केव्हीएवर एक एचपीचा पंप पुष्कळदा नुसता घुमतो. अर्धा एचपी उचलतो. मोटार घुमत राहिली तर लगेच बंद करा, नाहीतर दुरुस्त केलेल्या जनरेटरसोबत मोटार जाळून बसाल.

बंद करताना आधी लोड काढा आणि स्विच न दाबता कॉक बंद करा. वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेल. महिनाभराहून जास्त ठेवायचा असेल तर टाकीही रिकामी करा. आमच्या जनरेटरच्या टाकीला आता पांढऱ्या पेंटने लिहिलंय, "कॉक बंद केला का?" पुढच्या गड्ड्याला भाऊ न्यायला आला, तेव्हा त्याने ते वाचलं आणि विचारलं, "कॉक कुठला ते पण लिही की."